पहिल्या मॉकचे दोन मार्क

गणपती उठले, पितरं जेवून गेली, की आमच्या पंचवटीतल्या गल्लीत रमेशभाऊ इस्त्रीवाल्यांच्या टेबलावर पांढऱ्या आणि फिकट निळ्या शर्टांची चळत लागते. एरवी त्यांच्याकडे भटजींची धोतरं आणि भाजीबाजारातल्या व्यापाऱ्यांचे झब्बे असतात. या दिवसांत मात्र भाड्याच्या खोल्यांत राहणारी इंजिनिअरिंगची पोरं रांगेत उभी असतात आणि प्रत्येकाचं एकच म्हणणं, "काका, उद्या सकाळी सातला हवाय हां, कंपनी येणार आहे." मी तिथून जाताना रमेशभाऊ कोळशाची इस्त्री उचलून धरतात आणि म्हणतात, "काय मॅडम, पीक तयार झालं वाटतं तुमचं!"

पूर्वी मी थांबायचे, चार गप्पा मारायचे. गेली सहा वर्षं नुसती हसते आणि चालू पडते.

माझा धंदा सांगायला जरा अवघड आहे. मी कॉलेजात शिकवते असं म्हटलं की लोक विचारतात, कुठला विषय? विषय नाही. शेवटच्या वर्षाच्या मुलांना सॉफ्टवेअर कंपन्यांत नोकरीसाठी तयार करायचं, हे माझं काम. त्यांना संगणक येतो, मला येत नाही. मी त्यांना खुर्चीत कसं बसायचं, डोळ्यांत बघून कसं बोलायचं, उत्तर येत नसेल तर मान खाली न घालता 'येत नाही' कसं म्हणायचं, हे शिकवते. मी काम करते त्या प्रशिक्षण संस्थेच्या पत्रकात याला 'उद्योगाला हवं असलेलं कुशल मनुष्यबळ घडवणं' म्हणतात. माझी आई म्हणायची, "म्हणजे पोरांना बोलायला लावतेस, एवढंच ना?" एवढंच.

या मोसमाला स्वतःचे वास आहेत. नव्या बुटांचा आणि काळ्या पॉलिशचा वास. घडी मोडलेल्या नव्या शर्टाचा खळीचा वास. वर्षभर कुलूप असलेला सेमिनार हॉल कंपनीसाठी उघडला की येणारा कोंदट, गालिच्याचा वास, आणि त्यावर मारलेला मोगऱ्याचा फवारा. मुलींच्या केसांतलं तेल एका आठवड्यात गायब होतं. मुलं एकमेकांचे टाय बांधून देतात आणि गाठ सोडायची कशी हे कोणालाच माहीत नसतं, म्हणून तशीच गळ्यातून काढून खिळ्याला टांगतात.

त्याच आठवड्यांत इकडे दिंडोरी-पिंपळगावकडे द्राक्षांची छाटणी सुरू होते. बागायतदारांची पोरं दांड्या मारतात. एकदा मी एका मुलाला झापलं, तर त्याचे वडीलच कॉलेजात आले. टोपी काढून हातात धरली आणि म्हणाले, "मॅडम, चार दिवस त्याला सोडा. मजूर काडी कुठल्या डोळ्यावर कापतोय ते बघायला घरचं माणूस लागतं. डोळा चुकला तर माल येत नाय, नुसता पाला येतो. वर्ष जातं." मी त्यांना ऐटीत सांगितलं की इथंही मुलाचं वर्षच पणाला लागलंय. ते बिचारे मान डोलावून गेले. आज आठवलं की वाटतं, त्यांना आपल्या कापण्याची भीती तरी होती. मला नव्हती.

कारण आमच्या धंद्यात एक रीत आहे. कुठे लिहिलेली नाही, पण सगळे पाळतात. मुलांची पहिली सराव-मुलाखत, म्हणजे पहिलं मॉक, झालं की पाचपैकी मार्क द्यायचे. तीन महिन्यांनी शेवटचं मॉक. दोन्हींतला फरक हा आमच्या कामाचा पुरावा. मी नवी होते तेव्हा एका जुन्या ट्रेनरबाईंनी मला चहाच्या टपरीवर दीक्षा दिली होती, "पहिल्या मॉकला हात आखडता ठेव गं. सुरुवातीलाच चार देशील तर पुढे काय वाढवशील, कप्पाळ?" मला ते तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं. शिवाय त्यात वाईट काय? मार्क आमच्या फायलीत राहणार. मूल तर शिकणारच आहे. कमी मार्क बघून जरा जास्तच शिकेल.

आणखी एक रीत. प्रत्येक तुकडीतून एक यशोगाथा निवडायची. अहवालाच्या पहिल्या पानावर तिचा फोटो, खाली 'आधी' आणि 'नंतर'. त्या वर्षीची माझी यशोगाथा मी दुसऱ्याच दिवशी निवडली होती. मनीषा. हरसूलच्या पुढच्या एका पाड्यावरची. घरचे भात आणि नागली, म्हणजे नाचणी, करायचे आणि दिवाळीनंतर द्राक्षबागांत मजुरीला खाली यायचे. ती स्वतः आश्रमशाळेत शिकून इथवर आलेली. वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची. प्रोग्रॅमिंगमध्ये वर्गात पहिली आणि तोंड उघडायची वेळ आली की मुकी.

"बोलत का नाहीस गं?" मी एकदा विचारलं.

"येतंय ना मॅडम मला. आतमंदी सगळं येतंय. तोंडाशी आलं की अडतंय."

मला ती पोर मनापासून आवडली होती. हे सांगणं आता जरा निलाजरेपणाचं वाटतं, पण खरं आहे. तिच्यासाठी मी जेवणाच्या सुट्टीत थांबायचे. ती डब्यातली नागलीची भाकरी अर्धी मोडून मला द्यायची आणि मी तिच्याकडून इंग्रजी वाक्यं म्हणवून घ्यायचे. दोघींच्या तोंडात घास, त्यामुळे उच्चारांची पार वाट लागायची आणि आम्ही हसत बसायचो.

तिचं पहिलं मॉक मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, मला संगणकातलं काही कळत नाही असं समज, जे खरंच आहे, आणि प्रोग्रॅममधला लूप म्हणजे काय ते मला समजावून सांग. तिने टेबलावर दोन्ही हात ठेवले आणि भाताचं रोप लावतात तशी बोटं टेकवत मागे मागे सरकवली.

"मॅडम, पॅडी प्लांटिंग. वन लाइन कम्प्लीट, वन स्टेप बॅक. अगेन वन लाइन, वन स्टेप बॅक. बांध कम्स, स्टॉप."

"अँड इफ देअर इज नो बांध?"

तिने माझ्याकडे सरळ बघितलं. पहिल्यांदाच. "देन होल लाइफ प्लांटिंग, मॅडम."

मी खो खो हसले, तीही हसली. एवढ्या वर्षांत मला लूप इतका चांगला कोणी समजावला नव्हता. व्याकरण लंगडं होतं, पण समोरच्याला कळेल असं बोलणं म्हणजे काय, ते तिला माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. चार मार्कांचं उत्तर होतं. मी मनात चार म्हटलेही. आणि मग अहवालाचं पहिलं पान डोळ्यांसमोर आलं. दोनावरून पाच. काय दिसेल तो आलेख! मी दोन लिहिले. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'अजून तयार नाही.'

तिला मी माझी म्हणून निवडलं होतं, म्हणूनच तिला सगळ्यात खाली बसवलं. हे उमगायला मला फार वेळ लागला.

तीन आठवड्यांनी, एका शनिवारी दुपारी, प्लेसमेंटचं काम बघणाऱ्या भामरे सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते सटाण्याकडचे, गडबडले की त्यांची अहिराणी बाहेर यायची. "आते काय करानं?" असं स्वतःशीच म्हणत ते कागद चाळत होते. जी कंपनी डिसेंबरात यायची होती ती येत्या मंगळवारीच येणार होती, आणि तिने बजावलं होतं की संभाषणात तीनच्या खालचा एकही विद्यार्थी समोर बसवू नका, आमचा वेळ जातो. दुसरं मॉक व्हायचं होतं. हातात होते ते पहिल्या मॉकचेच मार्क. माझे.

त्या यादीत दोन मिळालेले नऊ जण होते. आठ जणांचे दोन खरे होते.

सर एकेक नाव वाचत पेनाने रेघ मारत होते. मनीषाच्या नावाशी थांबले. चष्मा कपाळावर सरकवला. "मॅडम, ही कोडिंगला पहिली आहे ना? हिला दोन? खरंच दोन?"

देवालासुद्धा माणसाला संधी याहून सोप्या शब्दांत देता आली नसती. नुसतं 'नाही हो, चार' म्हणायचं होतं. पण एकीचे दोनाचे चार केले, तर सर विचारणार, मग बाकीच्यांचं काय? मग सगळीच शीट उघडी पडणार, मागच्या वर्षांचीसुद्धा. माझं पितळ, संस्थेचं पितळ. खिडकीबाहेर कोणीतरी पेरूवाल्याशी भाव करत होतं, ते मला स्पष्ट ऐकू येत होतं. मी म्हटलं, "हो सर. बोलताना अडखळते."

सरांनी रेघ मारली.

यादी फलकावर लागली. तासाभराने मनीषा माझ्याकडे आली. रडली नव्हती. हातात वही होती आणि तिने पान उघडून ठेवलं होतं, मी सांगेन ते लिहून घ्यायला. "मॅडम, माझं काय चुकलं?"

आणि मी तिला सांगितलं! हेच मला स्वतःला माफ करता येत नाही. गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी तिला समोर बसवून तिच्यात नसलेल्या चुका शांतपणे, आपुलकीने समजावून सांगितल्या. आवाज बारीक आहे, वाक्यं तुटक आहेत, मराठी शब्द मध्ये येतात. तिने सगळं लिहून घेतलं. शेवटी म्हणाली, "थँक्यू मॅडम. कुणी एवढं सांगत नाय."

मंगळवारी कंपनी आली, पोरं निवडून गेली. त्या वर्षी आमच्या कॉलेजात दुसरी मोठी कंपनी आलीच नाही, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या आतच सगळं जग दारं लावून घरात बसलं. मनीषा त्याआधीच भातकापणीला म्हणून गेली होती. परीक्षेपुरती आली आणि परत गेली. अहवालात मी गंगापूर रोडच्या एका मुलाचा फोटो लावला. त्याला पहिलीपासून इंग्रजी येत होतं. त्यालाही मी आधी तीनच दिले होते, त्यामुळे आलेख बरा दिसला. वरून शाबासकी आली.

मनात चोर असला की माणूस किती उद्योगी होतो! त्यानंतर मी मार्क खरे द्यायला लागले. संस्थेने दोनदा हटकलं, मी नवं काहीतरी कारण सांगितलं. डोंगराकडून आलेल्या मुलींसाठी जास्तीचे तास घेतले. लोक म्हणतात, मॅडम किती करतात. मी ऐकून घेते. देवळात मोठं दान देणाऱ्यांकडे आमची आई जरा संशयाने बघायची, ते मला आता समजतं. मनीषाला मात्र मी सहा वर्षांत एकदाही फोन केला नाही. नंबर होता.

या वर्षी पितृपक्षात तिचाच फोन आला.

"मॅडम, ओळखलं का? मनीषा. हरसूलची. माझा क्लास हाय ना इथं, पोरींचा. कॉम्प्युटर, इंग्लिश, सगळं. नाशकातल्या छोट्या कंपन्यांत लागल्यात आमच्या काही पोरी. ह्या बॅचचं पहिलं मॉक हाय. तुम्ही यायचंच."

तिच्या आवाजात एवढा आनंद होता की मी न जाण्याचं कारण शोधायला लागले. तरी गेले. एसटीने त्र्यंबकवरून हरसूल. घाटात दोन्ही बाजूंना भात पिवळं पडायला लागलं होतं. हरसूलला बाजाराचा दिवस होता. सुकी मासळी, मिरच्या, प्लास्टिकच्या बादल्या, आणि त्या गर्दीतून वाट काढत मला न्यायला आलेली मनीषा. जराशी भरलेली, केस घट्ट बांधलेले, मोठ्याने बोलणारी. रस्त्यात तिने चार जणांना हाका मारल्या आणि माझी ओळख करून दिली, "माझ्या मॅडम." मी प्रत्येक वेळी कानकोंडी झाले.

क्लास म्हणजे पतसंस्थेच्या वरची एक खोली. सहा जुने संगणक, चौदा मुली. मनीषा त्यांच्यापुढे उभी राहिली.

"मी तुम्हाला सांगते ना नेहमी, त्या ह्याच मॅडम. कॉलेजात सगळे गोड बोलायचे. ह्यांनी मला पाचात दोन दिले आणि काय चुकलं ते समोर बसवून सांगितलं. खरं बोलणारं माणूस भेटायला नशीब लागतं."

मुलींनी टाळ्या वाजवल्या. 

मॉक सुरू झालं. मनीषा प्रश्न विचारायची, मी शेजारी. सविता नावाची एक मुलगी आली. बारीक, डोळे मोठे. तिला मनीषाने विचारलं, गिऱ्हाइकाचा संगणक बंद पडलाय आणि तो फोनवर चिडलाय, काय करशील? सविता इंग्रजीत म्हणाली, आधी त्याला चिडू देईन, मग त्याचं नाव विचारेन, मग संगणकाचं. मी मनात चार म्हटलं. मनीषाने कागदावर दोन लिहिले.

"दोन का गं?" मी हळूच विचारलं.

"आत्ताच चार दिले तर थांबेल ती, मॅडम. तुमच्याकडूनच शिकले."

दुपारी सगळ्यांचं मॉक आटोपल्यावर मुली भाकरी खायला गॅलरीत गेल्या. मी विचारलं, "तू परत कुठे मुलाखत दिलीस का गं? सगळं सुरू झाल्यावर?"

ती कागद नीट लावत होती. "नाय मॅडम. वर्गातल्या पोरी बोलवत होत्या पुण्याला. पण म्हटलं, आपण दोनवाले. कशाला तिथं जाऊन कॉलेजची शोभा करायची? इथं बरं हाय."

मी सांगितलं. मांडणी वगैरे काही केली नाही, जे शिकवते त्यातलं काहीच मला जमलं नाही. म्हटलं, "मनीषा, तुझे चार होते. मी दोन लिहिले. पुढे वाढवून दाखवायला."

तिचे हात थांबले. "कधी कळलं तुम्हाला?"

"लिहितानाच."

"आणि मी वही घेऊन आले, तेव्हा?"

"तेव्हाही माहीत होतं."

तिने हातातले कागद टेबलावर ठेवले. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. खालून बाजाराचा गलका येत होता. ती एवढंच म्हणाली, "मॅडम, ती वही माझ्याकडं अजून हाय. मी ह्या पोरींना त्यातलंच शिकवते."

मग तिने दारात जाऊन मुलींना आत बोलावलं. सगळ्या बसल्यावर मला म्हणाली, "सांगा ह्यांना." मी उभी राहिले आणि मराठीतच सांगितलं. यादी, शनिवार, सरांचा प्रश्न, माझं उत्तर. चौदा मुली ऐकत होत्या.  माझं संपल्यावर सविता उठली. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. मनीषाकडे वळून विचारलं, "मग ताई, आमचे खरे किती?"

मनीषाने कागद उचलला. पेन घेतलं. पहिल्या नावापासून सुरुवात केली आणि मोठ्याने, सगळ्यांसमोर, प्रत्येकीचा आकडा खोडून खरा वाचत गेली. कुणाचा दोनाचा साडेतीन झाला, कुणाचा दोनच राहिला आणि तेही तिने तसंच सांगितलं. "सविता, चार. तुला मी कमी दिले होते. चुकलं माझं." दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

एसटी पाचची होती. मनीषा मला सोडायला आली नाही. मी एकटीच बाजारातून वाट काढत स्टँडवर गेले, आणि मला ते बरोबरच वाटलं.